नोंदवहीतील नाव

कराडहून पुण्याला जाताना एस.टी. महामार्गालगतच्या एका कारखान्यासमोर आली की बाबा खिडकीबाहेर बोट दाखवत आणि म्हणत, "त्या भिंतीतली एखादी वीट आपली आहे बरं का." १९८६ साली त्या कंपनीने भांडवल उभारण्यासाठी लोकांना समभाग देऊ केले, तेव्हा जिल्हा परिषदेत कारकून असलेल्या बाबांनी बँकेत रांग लावून अर्ज आणला होता आणि दहा रुपये दर्शनी किमतीचे ५० समभाग त्यांच्या वाट्याला आले होते. त्या विटेवर मी आणि दादा लहानपणी मनापासून विश्वास ठेवत होतो, आणि खरे सांगायचे तर मोठेपणीही मी तो कधी तपासून पाहिला नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये बाबा गेले. त्यांच्या समभागांवर आईचे नाव लागेपर्यंत पुढची जवळजवळ तीन वर्षे गेली, आणि समभागाचा मालक म्हणजे नेमका कशाचा मालक, हे मला त्या काळातील कागदपत्रांनीच शिकवले.

बाबांच्या लोखंडी कपाटात विम्याच्या कागदांखाली एक खाकी पाकीट होते. त्यात तीन कंपन्यांची समभाग प्रमाणपत्रे, लाभांशाच्या वॉरंटांचे, म्हणजे लाभांश देणाऱ्या धनादेशासारख्या कागदांचे, फाडलेले तुकडे आणि शाळेची असते तशी शंभर पानी वही होती. वहीत प्रत्येक लाभांशाची तारीख आणि रक्कम पेन्सिलीने लिहिलेली होती. प्रमाणपत्राचा कागद जाड, भोवती नोटेवर असते तशी बारीक वेलबुट्टी, खाली दोन संचालकांच्या व चिटणीसांच्या सह्या आणि कंपनीची दाबून उठवलेली मोहोर. वरच्या कोपऱ्यात फोलिओ क्रमांक, म्हणजे कंपनीच्या नोंदवहीतील धारकाचा खाते क्रमांक, आणि त्याखाली समभागांचे अनुक्रमांक, अमुकपासून अमुकपर्यंत. प्रत्येक समभागाला स्वतःचा स्वतंत्र क्रमांक असतो हे मला तेव्हा प्रथमच दिसले. आमच्या ५० समभागांचे ५० क्रमांक सलग होते. मागच्या बाजूला हस्तांतरणाच्या नोंदींसाठी रकाने आखलेले होते आणि ते सगळे कोरे होते, कारण बाबांनी या समभागांची कधी विक्री केली नव्हती.

कागद हाती आहे म्हणजे मालकी हाती आहे, सोन्याच्या पाटलीसारखी, अशी माझी समजूत होती. कागद कंपनीला पाठवायचा, सोबत मृत्यूचा दाखला जोडायचा आणि आईच्या नावाचा नवा कागद परत घ्यायचा, एवढेच काम आहे असे धरून मार्च २०२२ मध्ये मी पत्रे पाठवली. उत्तरे कंपन्यांकडून आली नाहीत. ती त्यांच्या रजिस्ट्रारकडून आली. समभागधारकांची नोंदवही सांभाळणे, नावे चढवणे, लाभांश पाठवणे ही कामे बहुतेक मोठ्या कंपन्या अशा रजिस्ट्रार व हस्तांतरण प्रतिनिधी संस्थांकडे सोपवतात. त्या उत्तरांतून पहिली गोष्ट कळली ती अशी की, १ एप्रिल २०१९ पासून शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांच्या कागदी समभागांचे हस्तांतरण बंद झालेले आहे. धारकाच्या निधनानंतर वारसाच्या नावे होणारे संक्रमण मात्र चालू आहे. दुसरी गोष्ट अशी की, जानेवारी २०२२ पासून अशा कामांसाठी नवे कागदी प्रमाणपत्र दिलेच जात नाही. त्या वेळी रजिस्ट्रार एक पुष्टिपत्र देत असे, ते १२० दिवसांच्या आत आपल्या डीमॅट खात्याच्या, म्हणजे समभाग संगणकीय नोंदीत ठेवणाऱ्या खात्याच्या, संस्थेकडे द्यायचे आणि समभाग खात्यात जमा करून घ्यायचे. म्हणजे आईचे डीमॅट खाते उघडल्याशिवाय काहीच पुढे सरकणार नव्हते.

पहिल्या कंपनीचे, म्हणजे त्या विटेच्या कंपनीचे समभाग बाबा आणि आई यांच्या संयुक्त नावे होते. संयुक्त धारकांपैकी एकाचे निधन झाले की हयात धारकालाच कंपनी मालक म्हणून ओळखते. म्हणून येथे फक्त बाबांचे नाव कमी करायचे होते. मृत्यूचा दाखला, मूळ प्रमाणपत्र, आईचे पॅन कार्ड, केवायसीसाठीचा आयएसआर-१ हा नमुना आणि बँकेने सही साक्षांकित केलेला आयएसआर-२ हा नमुना एवढी कागदपत्रे पुरेशी होती, आणि ती मी पंधरा दिवसांत जमवली. तरी ती परत आली. रजिस्ट्रारच्या नोंदवहीत दुसऱ्या धारकाचे नाव आणि पॅन कार्डावरील नाव जुळत नाही, असा आक्षेप होता.

मी प्रमाणपत्र पुन्हा काढून भिंगाखाली पाहिले. १९८६ च्या अर्जात एका चौकटीत एक इंग्रजी अक्षर भरायचे असे आणि बाबांनी त्या काळच्या रीतीप्रमाणे आईच्या नावाआधी 'सौ.' लिहिले होते. संगणकाने ती तीन अक्षरे नावाचाच भाग धरली. परिणामी नोंदवहीत माझ्या आईचे पहिले नाव 'सौ', मधले नाव तिचे स्वतःचे आणि आडनाव आमचे, असे छत्तीस वर्षे चालत आले होते. पॅन कार्डावर अर्थातच ती तीन अक्षरे नव्हती. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत असे प्रतिज्ञापत्र आईने नोटरीसमोर केले. सही करण्याआधी तिने मसुदा दोनदा वाचला आणि 'सौ.' या शब्दावर बोट ठेवून काही वेळ तशीच बसली. आता ते अक्षर नावामागे राहिलेले नाही, आणि ते कधीच आपल्या नावाचा भाग नव्हते असे शपथेवर लिहून द्यायचे, हे तिला जड गेले. सही मात्र तिने नेहमीसारखी मराठीत, पूर्ण नावाने केली.

बँकेतही असाच एक प्रसंग आला. आयएसआर-२ वर शाखाधिकाऱ्याने सही साक्षांकित करायची असते आणि त्यासाठी खातेदाराने समोर सही करावी लागते. आईचा हात आता थरथरतो. शाखाधिकारी बाईंनी तिला खुर्चीत बसवले, पाणी दिले, कोऱ्या कागदावर दोन-तीनदा सही करून पाहायला सांगितले आणि मग नमुन्यावर घेतली. त्यांच्यामुळे ते काम एका खेपेत झाले. ज्यांच्या घरी वयस्कर धारक आहेत त्यांनी सही बदललेली असल्यास ती आधी बँकेच्या दप्तरी अद्ययावत करून घ्यावी, असे मी कळकळीने सांगेन. निधनानंतरच्या कामांत या एका कारणानेही बरेच दिवस जाऊ शकतात.

या सगळ्यात एक अनपेक्षित गोष्ट हाती आली. पुष्टिपत्रात समभागांची संख्या ५० नव्हती, १०० होती. काही वर्षांपूर्वी कंपनीने एकास एक या प्रमाणात बक्षीस (बोनस) समभाग दिले होते, त्यांचे प्रमाणपत्र आमच्या कराडच्या जुन्या पत्त्यावर गेले आणि घर सोडलेले असल्यामुळे परत आले होते. आमच्या पाकिटात त्याचा मागमूस नव्हता, तरी नोंदवहीत बाबांच्या आणि आईच्या नावापुढे आकडा १०० झालेला होता. प्रमाणपत्र हा मालकीचा पुरावा असतो. मालकी जिथे असते ती जागा म्हणजे नोंदवही. हे वाक्य एखाद्याने मला आधी सांगितले असते तर मी मान डोलावली असती, पण न मिळालेल्या कागदाचे समभाग समोर आल्यावर ते मला खऱ्या अर्थाने कळले. बक्षीस समभागांनी आपण दुप्पट श्रीमंत झालो असे आईला वाटू लागले होते, तेव्हा तिला हेही समजावून सांगावे लागले की कंपनीने आपल्या गंगाजळीतील रक्कम भांडवलाच्या खात्यात वळवली, सर्वांचेच समभाग दुप्पट झाले आणि आपला हिस्सा होता तेवढाच राहिला. भाकरीचे चार तुकडे केले काय आणि आठ केले काय, भाकरी तीच.

दुसऱ्या कंपनीचे काम खरे कठीण होते. तेथे समभाग एकट्या बाबांच्या नावे होते आणि नामनिर्देशन (नॉमिनी म्हणून कुणाचे नाव) नव्हते. ते असण्याची शक्यताही कमीच होती, कारण समभागांसाठी नामनिर्देशनाची सोय कंपनी कायद्यात १९९९ साली आली आणि बाबांनी समभाग घेतले होते त्याच्या कितीतरी आधी. त्यातच १९९७ मध्ये आम्ही कराडचे भाड्याचे घर सोडून साताऱ्याला आलो आणि पत्ता बदलल्याचे या कंपनीला कळवायचे राहून गेले. लाभांशाची वॉरंटे जुन्या घरी जात राहिली आणि न वटता परत जात राहिली. बाबांच्या वहीत त्या कंपनीच्या नोंदी १९९७ च्या पानावर थांबलेल्या आहेत. कायदा असा आहे की, लाभांश सात वर्षे मागितला गेला नाही तर ती रक्कम केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे जाते, आणि सलग सात वर्षे लाभांश न घेतलेला असेल तर ते समभागही त्याच निधीच्या नावे वर्ग होतात. आमचे समभाग तसे वर्ग झालेले होते. कपाटातील प्रमाणपत्र शाबूत होते, वेलबुट्टी आणि मोहोर जागच्या जागी होती, आणि नोंदवहीत बाबांचे नाव नव्हते.

हे वाचून मला सरकारने समभाग हिरावून घेतले असे वाटले आणि रागही आला. नंतर नियम नीट वाचल्यावर तो राग उरला नाही. निधीकडे गेलेले समभाग विकले जात नाहीत. ते मूळ मालकाच्या किंवा त्याच्या वारसाच्या दाव्याची वाट पाहत तेथे राहतात, त्यांवर बक्षीस समभाग मिळाले तर तेही तेथेच जमा होतात, आणि दावा मान्य झाला की परत मिळतात. त्या काळापुरता त्यांचा मताधिकार मात्र गोठवलेला असतो, त्यांच्या बळावर निधी स्वतः मत देऊ शकत नाही. झोपलेल्या मालकाचा आवाज दुसऱ्या कुणालाही वापरू दिला जात नाही, ही तरतूद मला न्याय्य वाटते.

दावा करण्यासाठी आधी वारस कोण ते कंपनीला पटवून द्यावे लागते. बाबांनी मृत्युपत्र केलेले नव्हते, म्हणून हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे आई, दादा आणि मी असे तिघे समान वारस. नामनिर्देशन नसताना एका कंपनीतील कागदी समभागांची किंमत ठरावीक मर्यादेच्या आत असेल तर न्यायालयाच्या उत्तराधिकार प्रमाणपत्राची गरज पडत नाही. वारसांची प्रतिज्ञापत्रे, हक्क न सांगणाऱ्या वारसांची ना हरकत पत्रे आणि नुकसानभरपाईचे हमीपत्र यांवर काम होते. ही मर्यादा २०२२ मध्ये दोन लाखांवरून पाच लाख रुपये झाली आणि आमच्या समभागांची किंमत नेमकी या दोन आकड्यांच्या मध्ये होती. वर्षभर आधी अर्ज केला असता तर आम्हाला न्यायालयात जावे लागले असते.

प्रतिज्ञापत्राचा मसुदा मी स्वतःच लिहिला आणि साताऱ्यातील एका ज्येष्ठ वकिलांकडे तपासायला नेला. बाबांचे जुने स्नेही म्हणून आम्ही त्यांना काकाच म्हणतो. मसुद्यात मी 'कंपनीच्या मालमत्तेतील कैलासवासी वडिलांचा हिस्सा' असे शब्द घातले होते. काकांनी लाल पेनाने त्यांवर आडवी रेघ मारली आणि वर 'कंपनीचे समभाग' एवढेच लिहिले. मी कारण विचारले तेव्हा ते म्हणाले, "तुझ्या वडिलांचा कंपनीच्या मालमत्तेत हिस्सा नव्हता. कुठल्याच भागधारकाचा नसतो." मी विटेची गोष्ट सांगितली. ते हसले नाहीत. उठून त्यांनी कपाटातून एक जाड खंड काढला आणि मला मुंबईच्या बाचा गझदर यांचा खटला वाचायला लावला.

गझदरबाईंकडे चहाच्या दोन कंपन्यांचे समभाग होते आणि १९४९-५० या वर्षात त्यांना २,७५० रुपये लाभांश मिळाला होता. चहाच्या कंपनीच्या उत्पन्नापैकी ६० टक्के भाग शेतीचे उत्पन्न मानला जाई आणि त्यावर केंद्राचा प्राप्तिकर लागत नसे. उरलेल्या ४० टक्क्यांवर लागे. गझदरबाईंचे म्हणणे असे होते की लाभांश त्याच चहाच्या मळ्यांतून येतो, मग त्याचाही ६० टक्के भाग शेतीचे उत्पन्न धरून करातून वगळला पाहिजे. युक्तिवाद किती सरळ आणि किती आपल्या मनातला आहे! मळे कंपनीचे, कंपनी भागधारकांची, म्हणून मळे भागधारकांचे. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली तो नाकारला. कंपनी ही कायद्याने स्वतंत्र व्यक्ती आहे, मळे त्या व्यक्तीचे आहेत आणि पिकाचे उत्पन्नही तिचेच. भागधारकाने विकत घेतलेला असतो तो हक्क: कंपनीने नफा वाटायचे ठरवले तर त्यातील वाटा मिळण्याचा, आणि कंपनी गुंडाळली गेली तर सगळ्यांची देणी फिटून काही उरल्यास त्यातील वाटा मिळण्याचा. लाभांशाचा उगम जमिनीत नाही. तो भागधारक आणि कंपनी यांच्यातील नात्यात आहे.

तो निकाल मी घरी येऊन पुन्हा वाचला. बाबांची वीट त्या संध्याकाळी निखळली, असे लिहिण्याचा मोह होतो. पण खरे तर मला हलके वाटले. वीट आपली नसते म्हणूनच कारखान्याचे कर्ज, कामगारांची देणी, अपघाताची भरपाई यांचा बोजाही आपल्यावर येत नाही. मालमत्तेवर हक्क नाही आणि देण्यांची जबाबदारीही नाही; आपले नुकसान होऊन होऊन समभागांसाठी दिलेल्या रकमेएवढेच होऊ शकते. ही दोन्ही वाक्ये एकाच नियमाच्या दोन बाजू आहेत आणि त्यांपैकी एकच हवी असे म्हणता येत नाही.

त्याची दुसरी बाजू पाकिटातील तिसऱ्या प्रमाणपत्राने दाखवली. ती कापडगिरणी होती आणि ती बंद पडून, कर्जात बुडून, अवसायनात, म्हणजे मालमत्ता विकून देणी भागवण्याच्या प्रक्रियेत, निघाली होती. कंपनी बुडते तेव्हा पैसे वाटपाचा क्रम ठरलेला असतो: प्रक्रियेचा खर्च, कामगार आणि तारण असलेले धनको, इतर कर्मचारी, विनातारण धनको, सरकारी देणी, त्यानंतर अग्रहक्क भागधारक आणि सर्वांत शेवटी आमच्यासारखे सामान्य भागधारक. रांगेच्या टोकापर्यंत काही पोहोचले नाही. कामगारांची देणी आधी येतात हे मला पटते. ज्याने घाम गाळला त्याच्या पुढे पैसे लावणाऱ्याने उभे राहू नये. बाबांचे त्यात घातलेले सहाशे रुपये गेले. त्या गिरणीने बँकांचे कोट्यवधी रुपये बुडवले असतील, तरी बाबांच्या दारात एकही वसुलीवाला आला नाही. ते प्रमाणपत्र मी फाडले नाही, पाकिटात परत ठेवले.

दुसऱ्या कंपनीच्या रजिस्ट्रारबद्दल मात्र मला तक्रार नोंदवलीच पाहिजे. सात महिन्यांत त्यांच्याकडून तीन आक्षेपपत्रे आली आणि प्रत्येक पत्रात एकच चूक दाखवलेली होती. आधी हमीपत्रावर साक्षीदाराचा पत्ता अपुरा, तो भरून पाठवल्यावर दादाच्या ना हरकत पत्रावर नोटरीचा नोंदणी क्रमांक अस्पष्ट, ते बंगळूरहून पुन्हा करून आणल्यावर प्रमाणपत्रावर बाबांची आद्याक्षरे आणि मृत्यूच्या दाखल्यावर पूर्ण नाव. या तिन्ही गोष्टी पहिल्याच दिवशी त्यांच्या टेबलावर होत्या. सगळे दोष एकदम कळवले असते तर एका पत्रात काम झाले असते. शोकात असलेल्या घराला असे हप्त्याहप्त्याने परत पाठवणे हा नियमांचा भाग नाही. तो कामाकडे पाहण्याच्या वृत्तीचा प्रश्न आहे. अखेर सेबीच्या, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेच्या, 'स्कोअर्स' या तक्रार यंत्रणेवर मी तारखांसह सगळे मांडले, आणि महिन्याच्या आत कागदपत्रे पूर्ण असल्याचे पत्र व त्यासोबत कंपनीचे हक्कदारीचे पत्रही आले. मग निधीकडे आयईपीएफ-५ हा ऑनलाइन अर्ज भरला, त्याची छापील प्रत, हमीपत्र आणि मूळ प्रमाणपत्र कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे पाठवले, कंपनीने पडताळणी अहवाल दिला आणि २०२४ च्या उन्हाळ्यात ते समभाग आईच्या डीमॅट खात्यात, तर थकलेला लाभांश तिच्या बँक खात्यात जमा झाला.

याच काळात, डिसेंबर २०२३ मध्ये, नामनिर्देशित व्यक्ती समभागांची पूर्ण मालक होत नाही, ती वारसांसाठी ते सांभाळणारी असते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला. मुंबई उच्च न्यायालयाच्या एकल न्यायपीठाने २०१० साली याच्या उलट मत दिले होते आणि २०१६ मध्ये त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने ते चुकीचे ठरवले होते. आईच्या खात्यावर आम्ही माझे नाव नामनिर्देशित म्हणून लावले तेव्हा मी दादाला हा निर्णय वाचून दाखवला. नाव लागले म्हणजे वाटा ठरला असे नाही, हे दोघांनाही आताच माहीत असलेले बरे.

डीमॅट झाल्यावर नोंदवहीचे काय होते, हा प्रश्न मी काकांना विचारला. त्यांनी सांगितले की कंपनीच्या दप्तरात नोंदणीकृत मालक म्हणून डिपॉझिटरीचे, म्हणजे समभागांच्या संगणकीय नोंदी सांभाळणाऱ्या संस्थेचे, नाव असते आणि डिपॉझिटरीच्या दप्तरात लाभधारक मालक म्हणून आईचे; पण कायद्याने सभासद आईच आहे. लाभांश तिचा आणि मतही तिचेच.

मत हा शब्द आईने उचलून धरला. ऑगस्ट २०२४ मध्ये विटेच्या कंपनीची वार्षिक सर्वसाधारण सभा होती. सभेची नोटीस आणि वार्षिक अहवाल एकवीस दिवस आधी माझ्या ई-मेलवर आले, कारण आईच्या खात्याला मी माझाच पत्ता दिला होता. आईला मी नोटीस मराठीत समजावून सांगितली. हिशेब स्वीकारणे, लाभांश जाहीर करणे, पाळीने निवृत्त होणाऱ्या संचालकाची फेरनेमणूक. लाभांशाच्या ठरावावर ती म्हणाली, "मग जास्त मागूया." तसे करता येत नाही, संचालक मंडळाने शिफारस केलेली रक्कम भागधारक कमी करू शकतात, वाढवू शकत नाहीत. कंपनीच्या हिशेबाच्या वह्या पाहायला मागता येतात का, असेही तिने विचारले. सर्वसाधारण सभांची इतिवृत्ते आणि सभासदांची नोंदवही पाहता येते, संचालक मंडळाच्या बैठकींची इतिवृत्ते आणि रोजचे हिशेब पाहता येत नाहीत. कारखान्यात जाता येते का? भागधारक म्हणून नाही. "मग हातात राहिलं काय?" तिने विचारले, आणि मी शेवटचा ठराव तिच्यापुढे ठेवला.

तो विशेष ठराव होता. बिगर कार्यकारी, म्हणजे कंपनीचा रोजचा कारभार न पाहणाऱ्या, संचालकाचे वय ७५ च्या पुढे गेले की त्याला पदावर ठेवण्यासाठी भागधारकांचा विशेष ठराव लागतो, म्हणजे बाजूची मते विरोधी मतांच्या किमान तिप्पट असावी लागतात. आई स्वतः ७३ वर्षांची होती आणि केवळ वयावरून कुणाला घरी बसवणे तिला मान्य नव्हते. तिने विचारले की ते गृहस्थ बैठकींना येतात का. वार्षिक अहवालात प्रत्येक संचालकाच्या हजेरीचा तक्ता असतो. मी तो काढून दाखवला. सहांपैकी दोन बैठकींना ते हजर होते. आईने चष्मा पुसला, रांगेवर बोट ठेवून तो आकडा स्वतः वाचला आणि म्हणाली, "बाबांनी नोकरीत असं केलं असतं तर?" आणि विरोधात मत देणार असल्याचे सांगितले. ई-मतदान किमान तीन दिवस चालू असते आणि सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता बंद होते. मोबाइलवर आलेला सहा अंकी संकेत तिनेच वाचून दाखवला, मी तो भरला, आणि शेवटचे बटण तिने स्वतः दाबले.

ठराव मंजूर झाला. प्रवर्तकांची, म्हणजे कंपनी उभारून तिच्यावर ताबा ठेवणाऱ्यांचीच, मते इतकी होती की तो पडण्याचा प्रश्न नव्हता. सभेनंतर दोन दिवसांनी निकाल शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर आला. त्यात प्रत्येक ठरावापुढे बाजूची आणि विरोधातील मते शेवटच्या एककापर्यंत छापलेली असतात. शेवटच्या ठरावापुढील विरोधी मतांचा आकडा सहा अंकी होता. आईने बाबांची वही मागवून घेतली, लाभांशाच्या नोंदी जिथे संपतात त्याखाली पेन्सिलीने तारीख घातली, तो सहा अंकी आकडा जसाच्या तसा उतरवला आणि त्याच्यापुढे कंसात लिहिले: 'यात आपले १००.'